बसू, तू अर्धंच सांगितलंस

बसू, तुला मातीत बसवलं तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. तुमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात हे मला ठाऊक होतं, पण पाहिलं कधी नव्हतं. कपाळावर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. चेहरा काविळीनं पार बदलून गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात पडून होतास म्हणे. मला कोणी कळवलं नाही. कळवावं असं कोणाला वाटायचं कारणही नव्हतं, आपण दोन वर्षं बोलत नव्हतो.

कारखान्याच्या कुलकर्णीकाकांनी तंत्रनिकेतनात फोन केला, तेव्हा मी पोरांचं प्रॅक्टिकल घेत होते. "मॅडम, बसवराज गेला. आज दुपारी गावाकडं माती आहे," एवढंच म्हणाले. आहे त्या साडीवर उमरग्याची एसटी पकडली. खिडकीशी बसले आणि वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. राग येत होता. एवढं भांडण अर्धं टाकून कोणी जातं का?

तुझ्या आईनं मला लांबूनच ओळखलं. सगळं उरकल्यावर माझा हात धरून ओसरीवर घेऊन बसल्या. "आलीस का गं बाई. लई नाव घ्यायचा तुझं." मग म्हणाल्या, "तुमचं कशावरनं बिनसलं होतं गं? त्यानं मला कधी सांगितलं न्हाय."

"कामावरनं, आई."

"कामावरनं कुणी बोलायचं सोडतं व्हय?"

निघताना तुझ्या भावानं विचारलं, पुढच्या आठवड्यात शोकसभा आहे, तुम्ही दोन शब्द बोला, तुम्ही त्याच्या बरोबर काम केलंय. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं आहे ते तुझ्या आईसमोर बोलता येणार नाही. म्हणून इथं लिहितेय, आणि तुलाच उद्देशून लिहितेय. तुझ्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलणं मला कधीच जमलं नाही.

तू मला कधी प्रज्ञा म्हणाला नाहीस. औरंगाबादला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हजेरीत माझं नाव ऐकलंस, तेव्हापासून मी तुझ्यासाठी "वाघमारे". लोकांना जे वाटायचं तसलं आपल्यात काही नव्हतं. ते तुलाही माहीत होतं, मलाही. म्हणून तर आपण एवढं मोकळं भांडायचो. तू उमरग्याकडचा, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, वडिलांचं किराणा दुकान. मी कळंबशेजारच्या वाशीची, वडील एसटीत कंडक्टर. आमच्या घरात इंजिनीअर झालेली मी पहिली आणि तुमच्या घरात दुकानावर न बसलेला तू पहिला. या एका गोष्टीवर आपली गट्टी जमली असं मला आजही वाटतं.

पुढं तू एम.टेक.ला मुंबईला गेलास आणि मी आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यात लागले, उपकरण विभागात. वजनकाट्याची इलेक्ट्रॉनिक्स, दाबमापकं, असलं काम. तिथं एका खोलीत ते मशीन पडून होतं. अध्यक्षांना कोणीतरी सांगितलं होतं की आता कारखान्यांत संगणक येणार, तर आपला पहिला यावा. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं परदेशी सुटे भाग जोडून मशीन पाठवलं. आतला प्रोसेसर असा, की ज्याचं नाव आमच्या पुस्तकातही नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम मागून पाठवतो म्हणाला आणि दुकान बंद करून बेपत्ता झाला. मशीन चालू केलं की पडद्यावर एक चौकोन लुकलुकायचा, बास. त्याच्यावर अध्यक्षांच्या बंगल्यातला जुना पलंगपोस घातलेला होता.

दिवाळीत तू घरी आला होतास. बाजारात भेटलास तेव्हा सहज बोलता बोलता मी त्या प्रोसेसरचं नाव घेतलं आणि तू हातातली पिशवी खाली ठेवलीस.

"काय म्हणलीस? परत सांग."

तुझा सगळा प्रबंध त्याच प्रोसेसरवर होता. त्याच्यासाठी तू कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेलं प्रोसेसरच्या बोलीत उतरवणारा प्रोग्रॅम, तयार केला होतास आणि चालवून बघायला तुझ्या संस्थेत खरा प्रोसेसरच नव्हता. "आख्ख्या मुंबईत न्हाय, आणि तुमच्या उसाच्या फडात हाय?" म्हणून हसत सुटलास. एम.टेक. संपताच मुंबईत चालून आलेली नोकरी सोडून तू धाराशिवला परत आलास. पाटीवर उस्मानाबाद असलं तरी तू धाराशिवच म्हणायचास. लोकांनी तुला वेड्यात काढलं. मी नाही काढलं.

अध्यक्षांना पटवलंस ते मी विसरणार नाही. तू म्हणालास, आम्ही याच्यासाठी कर्नल तयार करतो. त्यांनी विचारलं, "कर्नल? मिलिट्रीतला?" तू न हसता खुर्ची पुढं ओढलीस.

"न्हाय साहेब. कर्नल म्हंजे टोळीचा मुकादम समजा. कामगार कितीबी दांडगे असू द्या, मुकादम नसला तर फडात कोण कुठं कोयता मारंल? कुणाला कवा काम द्यायचं, कुणाला कुठं जागा द्यायची, दोघं एकमेकाच्या अंगावर जाऊ द्यायचे न्हाईत, हे सगळं मुकादम बघतो. मशीनमदी तेच कर्नल बघतो. माझ्याकडं एक चांगला मुकादम हाय, मुंबईच्या संस्थेतनं आणलाय. पण आपला हा कामगार परमुलखातला हाय, त्याला त्याची बोली कळत न्हाय. ती शिकवायची, एवढंच काम."

"एवढंच?"

"एवढंच. पण येळ लागंल."

तो वेळ म्हणजे दुष्काळाचं वर्ष निघालं. लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, कारखान्याच्या वसाहतीतही टँकर येत होता. संगणकाच्या खोलीला पाण्यावर चालणारा कूलर लावलेला होता, आणि त्यात घालायला रोज पाणी यायचं. एका सकाळी तू खिडकीतून पाहिलंस, की टँकरपाशी बायकांची घागरींची रांग लागलीय आणि त्याच टँकरमधून शिपाई आपल्या कूलरसाठी बादल्या भरून आणतोय. तू बाहेर गेलास आणि बादल्या रांगेतल्या घागरींत ओतायला लावल्यास. परत येऊन म्हणालास, "वाघमारे, हे पाणी मशीनला घालायचं न्हाय. सकाळी सकाळी काम करू. ऊन चढलं की बंद." तेव्हापासून मशीनचं झाकण काढून त्याच्यापुढं टेबलफॅन लावायचो आणि दर तासाला ब्रशनं धूळ झाडायचो. तो माणूस मी पाहिलाय, बसू. म्हणून पुढचा माणूस मला ओळखता आला नाही.

प्रयोगशाळेत एक छोटा संगणक होता. त्याच्यावर तू लिहायचास, तुझ्या कंपायलरमधून काढायचास, आणि वायरीतून ते मोठ्या मशीनमध्ये सोडायचो. तू वरचं बघायचास, मी खालचं: सर्किटच्या पाट्या, तारा, विजेचे ठोके. कर्नलचा बराचसा भाग कुठल्याही प्रोसेसरवर तसाच चालतो. जो थोडा भाग थेट प्रोसेसरशी बोलतो तो मात्र नव्यानं लिहावा लागतो. चालू कसं व्हायचं, एक काम मध्येच थांबवून दुसरं कसं हातात घ्यायचं, आणि पहिलं जिथं सोडलं तिथूनच परत कसं उचलायचं. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायला मला तू शिकवलंस. "लिवणाऱ्याला काय भीती वाटत होती ते हुडक," म्हणायचास. "प्रत्येक अट कशाला तरी भिऊन लिवलेली असती." आज मी माझ्या पोरांना हेच सांगते. तुझं नाव न घेता सांगते.

त्या दिवसांत एका रविवारी तू मला तुमच्या घरी नेलंस. मी ओसरीवरच टेकत होते, तर तुझ्या आई म्हणाल्या, "आत ये की, तिथं काय बसलीस." चुलीपाशी पाट मांडून, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. तू समोर बसून जेवत होतास आणि माझ्याकडं बघत नव्हतास. मुद्दामच. आमच्या घरच्या माणसाला अशा वेळी काय काय वाटून जातं ते तुला कळलं होतं आणि तू त्याचा गाजावाजा केला नाहीस. त्याच आठवड्यात अध्यक्षांनी तुला बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं. मला नव्हतं. तेही तू बोलला नाहीस. तेव्हा मला वाटलं, तुला लाज वाटली म्हणून बोलला नाहीस.

मशीन चालू व्हायला लागलं आणि मरायलाही लागलं. कधी तासाभरानं, कधी चहा प्यायला उठेपर्यंत. चांगलं चालता चालता एकदम थिजायचं. तू म्हणालास, "तुझं सोल्डरिंग बघ." मी म्हणाले, "तुझा कोड बघ." महिनाभर आपण दुसरं काही बोललो नाही. तू कर्नल ओळीओळीनं परत वाचलास, मी पाट्यांवरचा सांधा नि सांधा तपासला. एकदा तू सगळ्या उपकरण विभागासमोर म्हणालास, "वायरिंग ढिलं असंल तर मी ब्रह्मदेव आणला तरी काय उपयोग?" मी दोन दिवस कामावर आले पण त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले आणि घड्याळाची वायर काढली. प्रोसेसरला ठराविक वेळानं टोचणी देणारी ती वायर. टोचणी मिळाली की कर्नल हातातलं काम थांबवून दुसऱ्याला पाळी देतो. वायर काढल्यावर मशीन सबंध सकाळ मेलं नाही.

तू आलास आणि वैतागलास. "घड्याळ काढल्यावर कर्नल उरलाच कुठं? एकच काम चालणार मग."

"पण मरत न्हाय ना."

"त्यानं काय सिद्ध होतं?"

मग मी वायर परत लावली आणि टोचणी दुप्पट वेगानं द्यायला लागले. लगेच मेलं. तेव्हा तू गप्प झालास. तू गप्प झालास की मला कळायचं, आता तू खरा कामाला लागलास. दुपार उतरायच्या आत तू शोधून काढलंस. त्या प्रोसेसरमध्ये एकगठ्ठा मजकूर इकडून तिकडं हलवायची एक आज्ञा होती, लांबलचक. ती चालू असताना मध्येच टोचणी आली, तर परत येताना प्रोसेसर आपली जागा एका घरानं चुकायचा. तुझा कोड बरोबर होता, माझे सांधे बरोबर होते. चूक ज्यांनी प्रोसेसर बनवला त्यांची होती. बनवणाऱ्यांनी ती कुठं छापलेली नव्हती. तू माझ्यापुढं दोन्ही हात जोडलेस आणि म्हणालास, "ढिलं वायरिंग म्हणलो ते परत घेतो." उपकरण विभागात जाऊनही सगळ्यांसमोर तसं म्हणालास. एवढं कोणी करत नाही, बसू.

उपाय सोपा होता. ती आज्ञाच वापरायची नाही. तू कंपायलरमधून ती काढून टाकलीस आणि तेच काम छोट्या छोट्या आज्ञांनी करायला लावलंस. थोडं सावकाश, पण कधीही न चुकता. त्यानंतर मशीन मेलं नाही. अखंड चालू ठेवलं, मुद्दाम त्रास देऊन बघितला, टोचणी वाढवून बघितली. मेलं नाही. हे तूही पाहिलंस आणि मीही पाहिलं. हे आपण दोघांनीच पाहिलं, यातच सगळं आलं.

आता त्या मशीनवर काय चालवायचं होतं ते मी सांगते, कारण वाचणाऱ्यांना ते माहीत नसेल. कारखान्याच्या सभासदांचा ऊस कोणाचा आधी तोडायचा, हा प्रश्न. नियमानं लागणीच्या तारखेप्रमाणं. प्रत्यक्षात कोण कोणाचा त्याप्रमाणं. एरवी माणूस आठ-पंधरा दिवस मागं पडला तर निभावतो. पण त्या साली विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. उशिरा पाळी येणं म्हणजे ऊस जाणं. तू तोडणीचा प्रोग्रॅम लिहिलास तो फक्त लागणीच्या तारखेवर. मी म्हटलं, हे त्यांना चालेल? तू म्हणालास, "मशीननं काढलं म्हणल्यावर कोण काय बोलंल?"

गयाबाई आठवतात? कळंबकडच्या. नवरा वारल्यावर स्वतः ऊस लावलेला, एका विहिरीवरचं छोटं रान. बाजाराच्या दिवशी यायच्या आणि दारात उभ्या राहून विचारायच्या, "ह्या डब्यात माजं नाव हाय का?"

तू त्यांना आत बोलावलंस, पडद्यासमोर उभं केलंस आणि बोट ठेवलंस. "हे बघा मावशी, वरनं तिसरं."

"मग टोळी लवकर येईल का?"

"पहिल्याच आठवड्यात. आता यात कुणाला हात घालता येत न्हाय."

हे तू म्हणालास. मी शेजारी उभी होते.

अध्यक्षांसमोर आपण पहिला क्रम ठेवला, तेव्हा ते बराच वेळ वाचत होते. संचालकांची नावं किती खाली होती ते तुलाही दिसत होतं. ते म्हणाले, "मशीनला माणसं कळत न्हाईत." मग म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक होती. तुला एकट्याला बोलावलं. मला निरोप आला, मॅडमनी मशीन चालू ठेवावं, संचालक बघायला येतील. मी सकाळपासून मशीन चालू ठेवून बसले. झाकण नीट बसवलं, टेबल पुसलं, चार खुर्च्या आणून मांडल्या. कोणी आलं नाही. दुपारी तू आलास. माझ्याकडं न बघता म्हणालास, "बंद कर."

"काय झालं?"

"नको म्हणले. नंतर सांगतो."

तू सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी कुलकर्णीकाकांनी सांगितलं. ते बैठकीत टिपणं घ्यायला बसले होते. अध्यक्षांनी तुला विचारलं होतं, या मशीनवर डोळे झाकून भरवसा ठेवता येईल का? आणि तू म्हणाला होतास, "साहेब, प्रोसेसरमध्येच दोष आहे. आमच्या वाघमारे मॅडमनी स्वतः शोधून काढलाय."

एवढंच. पुढचं वाक्य तू बोलला नाहीस. माझं नाव त्या सभेत पहिल्यांदा आणि शेवटचं निघालं ते असं.

कँटीनमध्ये मी तुझ्यासमोर येऊन बसले. तू चहाचा कप फिरवत होतास.

"मी खोटं बोललो का?" तूच आधी बोललास. "दोष हाय का न्हाय?"

"हाय."

"तूच शोधलास का न्हाय?"

"आणि त्याच्यावरचा उपाय? तो सांगितलास?"

"त्यांनी विचारलं न्हाय."

मी खुर्ची मागं सारून उठायला लागले. तेव्हा तू खालच्या आवाजात म्हणालास, "वाघमारे, ही यादी कधी लागणारच नव्हती. आपण हो म्हणलो असतो तर त्यांनी दुसरं कारण काढलं असतं."

"मग काढू द्यायचं होतं त्यांना. आपण का दिलं?"

महिन्याभरात तुला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. तिथं अध्यक्षांच्या ओळखीचं कोणीतरी होतं असं मागाहून कळलं. ते आधी ठरलं होतं की नंतर, हे मला आजही माहीत नाही. मी पुष्कळदा त्यावर विचार केला. आधी ठरलेलं असेल तर तू विकला गेलास. नंतरचं असेल तर तू नुसता घाबरलास. कोणतं मला कमी लागेल हे ठरवता येत नाही. जाताना कर्नलच्या सगळ्या फ्लॉप्या घेऊन गेलास. "आपलंच काम हाय, इथं धूळ खाईल," म्हणालास. आपलं म्हणालास ते मला ऐकू आलं. नेताना विचारलं नाहीस तेही दिसलं.

मशीनवर परत पलंगपोस पडला. तोडणी पूर्वीसारखीच सुरू झाली. गयाबाईंच्या रानात टोळी गेलीच नाही. शेवटी त्यांनी वाळलेला ऊस स्वतः तोडून गुरांच्या छावणीला दिला. हंगाम संपता संपता त्या आल्या. भांडायला नाही.

"त्ये पोरगं कुटं गेलं? त्येला इचारायचं हुतं, माजं नाव खाली कसं काय गेलं."

"पुण्याला गेला, मावशी."

"मोठ्या नोकरीला?"

"व्हय."

"बरं झालं त्येचं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच उन्हाळ्यात मी कारखाना सोडला आणि तंत्रनिकेतनात शिकवायला लागले.

त्यानंतर तू एकदाच भेटलास, सोलापूरच्या स्टँडवर. हातात चांगली बॅग, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोळे जरा खोल गेलेले. तू चहा घेतलास माझ्यासाठीही. म्हणालास, आपला कर्नल आता तिकडं बँकांमध्ये चालतो. "तुझा तो उपाय अजून तसाच हाय. एक ओळ बदलली न्हाय." हे तू मला काहीतरी भेट दिल्यासारखं सांगितलंस. मला वाटलं कप भिंतीवर फेकावा. तिकडं तू उपाय सांगितलास आणि इकडं नुसता दोष. मी तेच म्हणाले. तू काही बोलणार होतास, तोंड उघडलंसही, एवढ्यात तुझी गाडी लागली. "पुढच्या खेपेला तुझ्याकडं येतो. नीट बोलू," म्हणालास आणि पळालास.

काय बोलणार होतास?

मी दोन वर्षं तुझ्या बाजूनं उत्तरं तयार केली. तुला बाहेर ठेवलं होतं, आत दहा माणसं होती, मी काय करणार होतो. वडिलांचं दुकान अध्यक्षांच्या मेहेरबानीवर होतं. मला तिथंच कुजायचं नव्हतं. यातलं एखादं खरं असेल. पण ते तू म्हणायचं होतंस, मी नाही. आणि मी म्हणणार होते, की तू खोटं बोलला नाहीस हे मला मान्य आहे. माझ्या हातानं शोधलेली खरी गोष्ट तू त्यांच्या हातात दिलीस. खोटं बोलला असतास तर मला तुझा राग आला असता आणि गेला असता. आता मी जेव्हा जेव्हा काही शोधते, तेव्हा कोणाला सांगण्याआधी थांबते. ही सवय मला तुझ्यामुळं लागली. ती जात नाही.

तुझी माती झाल्यावर चार-पाच दिवसांनी तंत्रनिकेतनात एक गृहस्थ आले. तुझ्या कंपनीतले, पन्नाशीचे, बोलायला सज्जन. सांगत होते की त्याच प्रोसेसरचा नवा माल आलाय, बनवणाऱ्यांनी सगळे दोष काढले म्हणून सांगितलंय, पण मशीनं परत मरायला लागलीत आणि कुणाला काही कळत नाही. दवाखान्यात त्यांनी तुला विचारलं होतं.

"ते म्हणाले, उस्मानाबादला वाघमारे आहेत, त्यांना विचारा. आमच्यात तो दोष त्यांनीच शोधला आणि त्याच्यावरचा उपायही त्यांच्यामुळंच निघाला."

मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं, उपायही म्हणाले का? ते म्हणाले, हो, दोन्ही म्हणाले. आणि हसून म्हणाले, "मॅडम सगळ्यात आधी घड्याळाची वायर काढतील, असंही म्हणाले."

मी उठून खिडकीपाशी गेले. त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. तू पूर्ण वाक्य बोललास, बसू. पुण्यात, खाटेवर पडून, एका परक्या माणसापाशी. जिथं बोलायचं होतं तिथून किती लांब, आणि किती उशिरा. गयाबाईंना त्याचा काय उपयोग? मला आनंद झाला हे खरं आहे आणि त्या आनंदाचाच मला राग आला.

त्यांनी मला नोकरी देऊ केलीय. या प्रोसेसरवरचं सगळं काम आता मी बघावं असं त्यांचं म्हणणं आहे. रात्रभर विचार केला नाही, लगेच हो म्हणाले. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्या पोरानं तुला बोलवून घेतलं म्हणायचं." मी म्हणाले, "न्हाय. मला काम येतं म्हणून बोलवलंय." त्यांनी मान हलवली.

तुला माफ केलं असं इथं लिहावं, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. गेलेल्या माणसाबद्दल तसं लिहितात. मी लिहीत नाही. तू जाताना मला बरोबर ओळखलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. पण ओळखत तर तू मला त्या बैठकीच्या दिवशीही होतास.

सोमवारी मी पुण्याला निघतेय. ते गृहस्थ आपुलकीनं म्हणाले, "सरांचं टेबल अजून तसंच आहे, तुम्ही तिथंच बसा." मी दुसरं टेबल मागितलंय.